सायकल हातात धरून

आमच्या भाऊजींना सायकल चालवता येत नाही. लहानपणी शिकायची राहून गेली आणि पुढे डोळेच गेले, त्यामुळे तो विषय संपला असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तरीसुद्धा आज आमच्या वस्तीत रोज नेमानं सायकल कोण काढतं असं कुणी विचारलं, तर मला त्यांचंच नाव घ्यावं लागेल. हे असं कसं झालं ते मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलंय. सांगता सांगता माझाच गोंधळ उडतो, आणि गोंधळ उडाला की मला राग येतो. म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढते.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते खुर्च्या विणतात. सुतार लाकडी चौकट करून देतो आणि बसायची जागा वेताच्या पट्ट्यांनी विणायची ते यांचं काम. पट्ट्या भिजवायच्या, चौकटीच्या भोकांतून ओवायच्या, आधी उभ्या, मग आडव्या, मग तिरक्या, आणि प्रत्येक वेळी ताणून घ्यायच्या. सुकल्यावर ती वीण अशी घट्ट बसते की जाडजूड माणूस धपकन बसला तरी कुरकुर ऐकू येत नाही. मी स्वतः बसून पाहिलंय. "ही बसली की माल पास," असं ते चारचौघांत म्हणतात. मेव्हणीला असं बोलायचा त्यांचा हक्कच आहे, आणि मीही काही ऐकून घेणाऱ्यांतली नाही.

पन्नाशीच्या आसपास त्यांना कडेकडेनं दिसेनासं व्हायला लागलं. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गेलं ते परत यायचं नाही, एवढं मात्र नीट कळलं. आता त्यांना उजेड कळतो, खिडकी कुठं आहे ते कळतं. समोर माणूस उभा आहे की खांब, ते कळत नाही. कामावर याचा काही परिणाम झाला नाही, कारण हात सगळं काम जाणून होते. कारखान्याच्या मालकीणबाईंनी एकदाच जरा अडखळत विचारलं, "जमेल ना?" यांनी त्यांना नुकत्याच विणलेल्या खुर्चीत बसायला सांगितलं. पुन्हा तो प्रश्न निघाला नाही.

प्रश्न होता तो तिथवर जायचा. कारखाना कालव्याच्या कडेनं गेलं तर पार दुसऱ्या टोकाला आहे. एक वाट मोठ्या रस्त्यानं, जिथं ट्रक अंगावर आल्यासारखे जातात आणि कडेला पाय ठेवायला जागा नाही. दुसरी कालव्याकाठची पायवाट. ती म्हणजे कुठं चिखल, कुठं झाडांची मुळं, आणि मध्येच एका ठिकाणी काठ खचलेला. ताई रोज सकाळी त्यांचा दंड धरून त्यांना पोचवायची, तिथून धावतपळत हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला जायची, आणि संध्याकाळी परत घेऊन यायची. भाऊजी तिला म्हणायचे, "सही घेतेस का मालकीणबाईंची? पार्सल पोचलं म्हणून." ताई हसायची नाही.

पांढरी काठी का घेत नाही, असं मीच त्यांना विचारलं होतं. घेतली होती त्यांनी. थोडे दिवस वापरली आणि कपाटामागं टाकून दिली. म्हणाले, "काठी हातात दिसली की कुणीही येऊन दंड धरतं. बाप रे, जिकडं जायचं नाही तिकडंसुद्धा नेऊन सोडतात. परवा एका भल्या माणसानं मला रस्ता ओलांडून दिला. मला ओलांडायचाच नव्हता." मी हसले. पण त्यांचं तोंड हसत नव्हतं. ज्या माणसाचा दंड कुणीही, कधीही, न विचारता धरतं, त्याला कसं वाटत असेल याचा मी तोवर विचार केला नव्हता.

अशात ताईच्या लॉन्ड्रीचं वेळापत्रक बदलणार असं जाहीर झालं. नव्या वर्षापासून तिला भल्या पहाटे हजर राहायचं होतं. म्हणजे भाऊजींना पोचवणं शक्य नव्हतं. एकतर तिनं काम सोडायचं, नाहीतर यांनी. मी माझं दुकान बंद ठेवून जाते म्हटलं, तर भाऊजींनी मला दारातच थांबवलं. "मी एकटा जाईन," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी ताईची पाठ वळल्यावर खरोखरच एकटे निघाले. काठ खचलाय त्या जागी पाय घसरून कमरेपर्यंत गाळात गेले. दोघा गवंड्यांनी त्यांना ओढून काढलं आणि दंड धरून घरी आणून सोडलं. ताईनं त्यांचे कपडे धुतले, वाळत घातले, आणि मग शांतपणे सांगितलं, "पुन्हा असं केलंत तर मी काम सोडीन. तुम्हाला विचारणार नाही." भाऊजी पुन्हा एकटे निघाले नाहीत. ताईचं काम त्यांच्यामुळं सुटलं असतं तर ते त्यांना आयुष्यभर खात राहिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती योजना आली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आमचं बोलणं चोरून ऐकलं की काय.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वस्तीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या काचेवरून जातो. तसाच हाही आला. लोकांनी पायी चालावं, सायकली चालवाव्यात, यासाठी सरकार वस्त्यांना वाटा बांधायला अनुदान देणार होतं. कर्ज नव्हे, अनुदान. फेडायचं नाही. अट एवढीच की वस्तीनं एकत्र येऊन मागायचं आणि वाट वापरात आहे हे पाहणीच्या दिवशी दिसलं पाहिजे. मी तो कागद घेऊन तशीच अध्यक्षांकडं गेले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. दुसरं कुणी व्हायला तयार नसल्यामुळे ते कित्येक वर्षं आहेत. माणूस मनानं चांगला, पण सरकारी नोकरीत जन्म गेल्यामुळे कुठलाही कागद सरळ वाचायची सवय मोडलेली. लिहिलंय त्याच्या पलीकडं काय आहे ते शोधत बसतात. त्यांनी कागद दिव्याखाली धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "चालणं हे नुसतं लिहायला लिहिलंय. यांना सायकली हव्यात."

"कशावरून?" मी विचारलं.

"चित्र बघ ना. कागदावर चित्र कशाचं आहे?"

चित्र सायकलचं होतं. मला त्या वेळी ते पटलं. आता आठवलं की कपाळाला हात लावावासा वाटतो, पण पटलं होतं हे खरं.

आमच्या वस्तीचा एक स्वभाव आहे. एखादी गोष्ट करायची ठरली की आम्ही ती जरा जास्तच करतो. सभा भरली. अध्यक्षांनी सांगितलं की पाहणीच्या दिवशी ज्याच्याकडं सायकल आहे त्यानं ती काढायची, ज्याच्याकडं नाही त्यानं मागून आणायची. माळ्यावरच्या, जिन्याखालच्या, अंगणात वेल चढलेल्या सायकली खाली आल्या. ज्यांना चालवता येत नव्हती त्यांना मागं बसायला सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "आणि चालणारे?" अध्यक्ष म्हणाले, "चालणारे काय, ते असतातच." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कुणीतरी चालेल.

मग अध्यक्ष माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या भाऊजींना त्या दिवशी घरी ठेव. पुन्हा घसरले बिसरले तर पाहणीवाल्यांना वाटेल, ही जागाच धोक्याची आहे. नकोच म्हणतील." हेही मला पटलं. आणि भाऊजींनाही पटलं, हे विशेष. "मी घरीच बसतो," ते म्हणाले. "माझ्यामुळं अडायला नको." ज्यांच्यासाठी मी तो कागद घेऊन धावले होते ते आणि त्यांना पोचवणारी ताई, असे वस्तीतले दोन खरेखुरे चालणारे त्या दिवशी दार लावून घरात बसले.

पाहणी झक्कास झाली. योजनेच्या कार्यालयातून एक बाई आल्या होत्या, तरुण, अगदी गोड बोलणाऱ्या. त्या कालव्याकाठी खुर्ची टाकून बसल्या आणि समोरून आमची अख्खी वस्ती चिखलातून सायकली हाकत गेली. जाऊन वळसा घालून परत आली. अध्यक्ष डोक्याला हेल्मेट घालून सगळ्यांत पुढं. बाईंनी इतक्या कौतुकानं पाहिलं की आमचा ऊर भरून आला.

मंजुरी लगेच मिळाली. काम सुरू झालं, आणि काम खरंच सुंदर झालं, ते नाकारायचं कारण नाही. चिखल गेला, मुळं गेली, खचलेला काठ बांधून काढला. गुळगुळीत, हिरवट रंगाची वाट, दोन्ही कडांना बोटभर उंच काठ, रात्रीचे दिवे. जुनी पायवाट तिच्याखाली गेली. भाऊजी रोज विचारायचे, "कुठवर आलं?" आणि मी रोज सांगायचे. ताईचं वेळापत्रक बदलायच्या आधी वाट उघडणार होती. एवढं नीट जुळून आलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं.

उद्घाटनाच्या सकाळी भाऊजी धुतलेला शर्ट घालून आले. ताईनं त्यांना वाटेच्या तोंडाशी उभं केलं. तिथं पाटी होती. अध्यक्षांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, "सायकल मार्ग," आणि पुढं थांबले.

"पुढं काय लिहिलंय?" भाऊजींनी विचारलं.

अखेर ताईनं वाचलं. "फक्त सायकलींसाठी. पादचाऱ्यांना मनाई आहे."

"पादचारी म्हणजे आपण का?" भाऊजी म्हणाले. त्यांनी थट्टेनं विचारलं नव्हतं. ते खरंच विचारत होते.

दुसऱ्याच दिवशी मी आणि अध्यक्ष योजनेच्या कार्यालयात गेलो. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. पण त्या बाईंनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, आणि त्या स्वतःच बुचकळ्यात पडल्या. "पण तुमच्या वस्तीत चालणारं कुणी नाही ना?" त्या म्हणाल्या. "मी स्वतः बसले होते. एकही माणूस पायी दिसला नाही. मला तर आश्चर्य वाटलं होतं. एवढ्या सायकली असल्या तर मध्ये पायी माणसं सोडणं धोक्याचं, म्हणून नियमानं मनाई करावी लागते."

"त्या दिवशी सगळे सायकलवर होते," मी म्हटलं.

"हो, तेच म्हणतेय मी."

"म्हणजे मुद्दाम होते. तुमच्यासाठी."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, अध्यक्षांकडं पाहिलं. अध्यक्ष छताकडं पाहत होते. त्या खोटं बोलत नव्हत्या, आणि आम्ही खोटं बोललो होतो असंही म्हणता येत नव्हतं. सायकली आमच्याच होत्या. शेवटी बाई म्हणाल्या, पायवाटेसाठी वेगळं अनुदान आहे, शेजारी पट्टा वाढवून कठड्यासकट बांधता येईल. अर्ज करा, पुढच्या फेरीत पाहणी होईल. चालणारे दिसले पाहिजेत मात्र. मी म्हटलं, चालायला मनाई असलेल्या वाटेवर चालणारे कसे दिसणार? बाईंनी हे लिहून घेतलं. "चांगला मुद्दा आहे," असंही म्हणाल्या. माझ्या रागाची अशी फजिती कधी झाली नव्हती.

तिकडं वाटेच्या तोंडाशी एक रखवालदार नेमला गेला. त्याच्या गळ्यात शिट्टी असायची, म्हणून त्याचं नावच शिट्टी पडलं. पायी कुणी आत शिरलं की तो शिट्टी मारायचा. ताईचं नवं वेळापत्रक तोंडावर आलं होतं. तिनं मला सांगितलं, काम सोडायचं पत्र लिहून दे. मी लिहून दिलं नाही. उद्या बघू म्हटलं, आणि तणतणत शिट्टीशी भांडायला गेले.

"माझे भाऊजी आंधळे आहेत," मी म्हटलं. "त्यांना या वाटेनं जायचंय."

"मग तर अजिबातच नको," शिट्टी म्हणाला. "सायकली वेगानं येतात. त्यांना दिसणार कशा?"

तेवढ्यात एकजण पंक्चर झालेली सायकल ढकलत, चक्क पायी, आमच्या समोरून आत गेला. शिट्टी गप्प.

"हा चालतोय की," मी म्हटलं.

"त्याच्याकडं सायकल आहे."

"पण चालतोय."

"सायकल हातात धरून चालणारा सायकलस्वारच. नियमच आहे तसा." शिट्टीनं हे इतक्या समजुतीनं सांगितलं की मी मान हलवून घराकडं वळले. अर्ध्या वाटेत मी थांबले. मग तशीच अध्यक्षांकडं गेले.

अध्यक्षांनी त्यांची सायकल दिली. निवृत्तीनंतर हौसेनं घेतलेली, दिवसाआड तेल घातलेली. मनाला लागलं होतं त्यांच्या. सायकलवाल्याकडून डावं पेडल काढून घेतलं, म्हणजे ढकलताना नडगीला लागायला नको. आणि संध्याकाळी ती आम्ही भाऊजींच्या दाराशी नेऊन उभी केली.

भाऊजींनी तिला हात लावून पाहिलं. हँडल, सीट, चाक. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे," मी म्हटलं. "धरा."

"लोक हसतील."

"तुम्हाला कुठं दिसणार आहेत?"

ताईनं माझ्यावर डोळे वटारले. पण भाऊजी हसले, खूप दिवसांनी मोकळे हसले, आणि त्यांनी हँडल धरलं.

पहिल्या दिवशी शिट्टीनं सायकलकडं पाहिलं, भाऊजींकडं पाहिलं, एक पेडल नाही हेही पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ होता तो मी माझ्या आरशात कितीदा तरी पाहिलेला आहे. त्यानं शिट्टी तोंडाला लावली, काढली, आणि बाजूला झाला. भाऊजी आत गेले. चाक कडेच्या त्या बोटभर काठाला लागलं की ते हँडलमधून त्यांच्या हाताला कळायचं, आणि ते सायकल पुन्हा सरळ करायचे. घंटी वाजवत, हळूहळू, पण सरळ रेषेत ते गेले. मागून येणाऱ्या सायकली घंटी ऐकून बाजूनं निघून जात होत्या.

ताई आठवडाभर चोरून त्यांच्या मागं जायची. एक दिवस ते मला म्हणाले, "तुझ्या बहिणीला सांग, चपला तरी बदलत जा. उजवी करकरते." त्यानंतर तिनं जाणं सोडलं. नव्या वर्षात ती पहाटे लॉन्ड्रीत जायला लागली आणि भाऊजी एकटे कारखान्यात. काम सोडायचं पत्र लिहावं लागलं नाही.

एकदा संध्याकाळी ते माझ्या दुकानात टेकले. सायकल काचेला टेकवलेली. जरा वेळानं म्हणाले, "तुला एक सांगू? सायकल धरलेल्या माणसाचा दंड कुणी धरत नाही." मी मशीनवर कोराच कागद ठेवून त्याची झेरॉक्स काढली.

आणि मग काय, वस्तीच ती. गुडघे धरलेल्या आजी, बाजाराच्या पिशव्या वाहणारे काका, सगळ्यांनी सायकली काढल्या. कुणी चालवत नाही, सगळे ढकलतात. पिशव्या हँडलला, छत्री कॅरिअरला. गप्पा मारत, सायकली हातात धरून, नियमाप्रमाणे सगळे सायकलस्वार. परगावचा कुणी पाहुणा आला की विचारतो, "यांच्या सगळ्यांच्या सायकली पंक्चर आहेत का?" आम्ही हो म्हणतो. समजावून कोण सांगणार?

पुढच्या फेरीत पायवाटेच्या पाहणीची तारीख आली. अर्ज मीच केला होता. कठडा असलेली, खास चालणाऱ्यांची वाट. भाऊजींना हवी होती तशीच. आदल्या दिवशी अध्यक्ष माझ्याबरोबर त्यांच्याकडं आले. म्हणाले, "उद्या एक दिवस सायकल घरी ठेवा. शिट्टीशी मी बोललोय, उद्यापुरता तो पाठ करून उभा राहील. तुम्ही नुसते चालत या. तुम्ही दिसलात ना, की पाहणीवाल्यांना पुढं काही सांगावंच लागणार नाही."

भाऊजी बोटांनी खुर्चीची कड चाचपत बसले होते. "मागच्या वेळी मी दिसू नये म्हणून घरी बसवलंत," ते म्हणाले. "आता दिसावं म्हणून बाहेर काढताय. मला कळत नाहीये. मी तोच आहे ना?"

"तुमच्यासाठीच तर आहे सगळं," अध्यक्ष कळवळून म्हणाले.

"हो, तेही आहेच," भाऊजी म्हणाले. "पण मी सायकल सोडून उद्या आलो, आणि मध्येच कुणी दंड धरला तर?"

खरं सांगायचं तर मीही त्या वेळी अध्यक्षांच्याच बाजूनं होते. एका दिवसाचा तर प्रश्न होता. आणि तरीही त्यांनी सायकल सोडू नये असंही मला वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी कसं वाटू शकतं, मला माहीत नाही.

सकाळी मी दुकान बंद ठेवून कालव्यावर गेले. या वेळी बाई नव्हत्या. एक मध्यमवयीन गृहस्थ आले होते, पॅड आणि पेन घेऊन, वाटेच्या मध्यावर उभे. आमची वस्ती या वेळी सायकली घरी ठेवून चालत येणार असं ठरलं होतं. पण शिट्टीवर कुणाचा भरवसा नव्हता, म्हणून निम्मे लोक आलेच नाहीत आणि उरलेल्यांनी, असू दे बरोबर म्हणून, सायकली आणल्याच. गृहस्थ खुणा करत होते. एकाच रकान्यात, सायकलींच्या.

मग घंटी ऐकू आली.

भाऊजी येत होते. सायकल हातात होती. धुतलेला शर्ट, मान सरळ, चाक कडेला धरून. अध्यक्षांनी माझ्याकडं हताशपणे पाहिलं. पाहणीवाले पुढं झाले. बहुधा ते एक पेडल नसलेली सायकल पाहून चक्रावले असावेत. त्यांनी वाट अडवून अदबीनं विचारलं, "माफ करा हं, मला नीट नोंद करायची आहे. तुम्ही चालत जाता की सायकलनं?"

भाऊजी थांबले. आवाज जिकडून आला तिकडं त्यांनी तोंड केलं, पण थोडं चुकलं, ते त्या गृहस्थांच्या खांद्याच्या बाजूला पाहत राहिले. खूप विचार केल्यासारखे उभे होते. पेन कागदावर टेकलेलं होतं. मला वाटत होतं, म्हणा, चालत म्हणा, एक शब्द, की कठडा मिळेल. आणि मला वाटत होतं, म्हणू नका.

"मलाही नीटसं कळत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला दिसतंय ना? मग तुम्हीच बघून सांगा."

त्या गृहस्थांचं पेन तसंच राहिलं. आता त्यांना कळलं. त्यांचा हात आपोआप भाऊजींच्या दंडाकडं गेला, आणि दोघांच्या मध्ये सायकल आली. भाऊजींनी घंटी वाजवली. गृहस्थ बाजूला झाले, आणि भाऊजी कामाला निघून गेले.